अडतीस आणि नेटाचे हात

एफी स्टरक दमली होती. आजच दमली होती असं नाही, गेली कित्येक वर्षं ती दमलेलीच होती. फक्त ते स्वतःशी कबूल करायला तिला सवड झाली नव्हती. डंडीतल्या त्या संशोधनसंस्थेचा जिना चढताना हल्ली ती मधल्या वळणावर थांबायची आणि खिडकीतून टे नदीकडे बघतेय असं दाखवायची. नदीत बघण्यासारखं काही नसायचं. फेब्रुवारीत ती नदी आणि वरचं आभाळ दोन्ही एकाच बादलीत धुतल्यासारखी दिसतात.

साठीला टेकलेली बाई. लग्न नाही, मूलबाळ नाही. सगळी उमेद एका काइनेजपायी घालवलेली. डंडी हे गावच तसं. इथली माणसं आधी तागाच्या गिरण्यांत राबली. गिरण्या बंद पडल्या, मग घड्याळांचा कारखाना आला, तोही गेला, आणि मग गावाने काइनेज धरलं. पूर्वी बसमध्ये बाया 'आमची पोरगी गिरणीत आहे' म्हणायच्या, त्याच सुरात आता 'आमची पोरगी काइनेजमध्ये आहे' म्हणतात. ऐकणारीही मान डोलावते आणि तिकीट काढते.

काइनेज म्हणजे काय, हे एफीने आपल्या थोरल्या बहिणीला, नेटाला, फार पूर्वी एकदा समजावलं होतं.

"हे बघ, पेशीच्या दाराशी जंतू आला की आत कळवायला नको? मग दारातला एकजण शेजारच्याच्या पाठीवर थाप मारतो. तो पुढच्याच्या, तो त्याच्या पुढच्याच्या. थाप म्हणजे फॉस्फेटचा एक कण चिकटवायचा, बाकी काही नाही. निरोप आत पोचला की पेशी आरडाओरडा करते. मग सूज, आग, ठणका. ही थाप मारणारी जी प्रथिनं, ती काइनेज."

"आणि तुझा यातला कुठला?"

"माझा पी-अडतीस."

त्या दिवसापासून नेटाच्या तोंडी तो 'तुझा अडतीस' झाला. नाताळाला भेटली की विचारायची, "काय गं, तुझा अडतीस काय म्हणतो? अजून लग्नाचं विचारत नाही का?" नेटाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती म्हणायची, आपल्या दोघींत तुझाच संसार जास्त टिकला.

नेटाला संधिवात होता. म्हातारपणाचा नव्हे, दुसरा. ज्यात शरीर आपल्याच सांध्यांना शत्रू समजून आग लावतं. घड्याळांच्या कारखान्यात जिने केसासारख्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, तिच्या बोटांची पेरं पन्नाशीतच सुजून वाकडी झाली. एफी काइनेजमागे लागली ती नेटाच्या हातांमुळे नाही. तेव्हा नेटाचे हात चांगले होते आणि एफीला फक्त नोकरी हवी होती. पण पुढे नेटाचा आजार आणि एफीचा अडतीस एकाच वाटेवर येऊन भेटले, कारण सांध्यांतला तो आरडाओरडा अडतीसच्याच थापेने होतो असं दिसायला लागलं. आणि अडतीसचा हात धरून ठेवणारी गोळी निघाली. ती एका औषधकंपनीने काढली. पण अडतीसचा हात धरता येतो हे सिद्ध करणाऱ्यांत एफीही होती.

मागल्या डिसेंबरच्या अखेरीस त्या गोळीची चाचणी गावातल्या इस्पितळात सुरू झाली. नेटाने एफीला न विचारता नाव घातलं. कुणाला खरी गोळी मिळते आणि कुणाला खोटी, हे अशा चाचणीत नर्सलासुद्धा ठाऊक नसतं. पण नेटाला काडीची शंका नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात तिने एफीला प्रयोगशाळेत फोन केला.

"एफी, मी बटणं लावली."

"कसली बटणं?"

"ब्लाउजची. सगळी. गळ्याजवळचं पण."

एफीने फोन ठेवला, शीतखोलीत गेली, दार लावून घेतलं आणि त्या बर्फाळ थंडीत उभं राहून हमसाहमशी रडली. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, नळ्या शोधतेय. कुणी विचारलं नाही.

इतक्या वर्षांत तिने कितीतरी निबंध छापले, परिषदांत टाळ्या घेतल्या, आणि त्यातल्या एकाही गोष्टीने तिचा थकवा घालवला नव्हता. गळ्याजवळच्या त्या बटणाने मात्र चार दिवस ती जिना न थांबता चढली.

*

इशबेल मंकर ही एफीच्या हाताखालची तरुण संशोधक. हुशार, शिस्तीची, आणि तिला एक वाईट खोड होती: जे दिसलं ते सांगायची. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ती डार्करूममधून ओली फिल्म हातात लोंबकळवत आली.

"एफी, हे जरा बघता का?"

फिल्मवर काळे पट्टे होते, प्रत्येक रांगेत एक. पेशींना जंतूंच्या आवरणाचा अंश पाजायचा, मग ठराविक वेळाने त्यांना मारून आतली प्रथिनं काढायची, आणि कुणाच्या पाठीवर किती थापा पडल्या ते एका मेंढीच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांनी बघायचं. पट्टा जितका काळा, तितक्या थापा जास्त. अर्ध्या रांगांतल्या पेशींना अडतीसचा हात धरणारं औषध दिलेलं होतं.

इशबेल यावेळी अडतीसकडे बघत नव्हती. अडतीसच्या आधीचा, त्याला निरोप देणारा जो वरचा काइनेज, त्याच्याकडे बघत होती. आणि औषध दिलेल्या रांगांत तो वरचा काळाकुट्ट होता.

एफीने फिल्म प्रकाशासमोर धरली आणि लगेच खाली ठेवली.

"नळ्या उलट्या भरल्यास."

"नाही भरल्या."

"मग औषध उलटं घातलंस. अगं, खालच्याचा हात धरला तर वरचा कशाला जास्त ओरडेल? वरच्याला खालच्याचं काय पडलंय?"

"तेच तर मी विचारतेय," इशबेल म्हणाली.

एफीला राग आला नाही. राग यायला अंगात काही शिल्लक असावं लागतं. ती फक्त म्हणाली, "परत कर. यावेळी नळ्या मी भरते." इशबेलने मान हलवली. आपल्यावर विश्वास नाही हे तिला समजलं आणि तिने ते गिळलं.

गुरुवारी दोघी पुन्हा फिल्मसमोर उभ्या होत्या. नळ्या एफीने स्वतः भरल्या होत्या, प्रत्येक नळीचं नाव मोठ्याने वाचून. वरचा काइनेज तसाच काळाकुट्ट होता.

खरं सांगायचं तर एफीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर असे पट्टे वाचले तिला उलटी भरलेली नळी आणि खरी गोष्ट यातला फरक कळत नाही होय? कळतो. पण कळलेलं मान्य करायला जी ताकद लागते, ती तिच्यापाशी सोमवारी नव्हती. गुरुवारीही नव्हती, पण आता पळवाट उरली नव्हती.

अडतीस नुसता ओरडा करणारा नव्हता. तोच वरच्याला 'पुरे आता, ऐकलं' असंही सांगत होता. निरोप पुढे नेणारा आणि निरोप थांबवणारा, दोन्ही कामं एकाच हाताची. त्याचा हात धरला की पहिले काही दिवस शांतता. मग वरच्याला 'पुरे' म्हणणारं कुणी राहत नाही, तो बेफाम होतो आणि दुसऱ्या वाटांनी, दुसऱ्या काइनेजांच्या पाठीत धपाधप थापा मारत सुटतो. आग परत पेटते.

"म्हणजे गोळी चालेल," इशबेल हळूच म्हणाली, "पण थोडेच दिवस."

"हे उंदरांच्या पेशींत झालं," एफी म्हणाली. "उंदराचं उंदराला, माणसाचं माणसाला. माझ्या घरचे हात आहेत, इशबेल. माझी बहीण. दर रविवारी फोनवर विचारते मी. तिचे हात झकास आहेत."

"ती तुम्हाला कधी दिसली शेवटची?"

"हा काय प्रश्न झाला? गेल्याच्या गेल्या रविवारी चहाला भेटलो आम्ही, चर्चशेजारी." आणि बोलता बोलता एफी थबकली. चहाच्या दुकानात नेटाने हातमोजे काढले नव्हते. थंडी आहे गं, म्हणाली होती. कप दोन्ही तळहातांत धरून प्यायली होती. एफीला ते तेव्हा दिसलं होतं आणि तिने ते पुढे कुठे नेलं नव्हतं.

"बरं," इशबेल म्हणाली आणि फिल्म पाकिटात घालून गेली. तिने आणखी काही विचारलं नाही, हे तिचं मोठेपण.

*

नेटा दर जानेवारीत मुरांबा करायची. सेव्हिलची कडू संत्री जेमतेम महिनाभर बाजारात असतात; त्या महिन्यात डंडीतल्या जुन्या घरांच्या जिन्यांत संत्र्याच्या सालीचा कडसर वास भरून राहतो. नेटाच्या मुरांब्याची ख्याती सालीसाठी होती. ती साल हातानेच चिरायची, काडेपेटीतल्या काडीचे उभे दोन भाग करावेत इतकी बारीक. यंत्राने चिरणाऱ्या बायांबद्दल ती जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागल्या काही वर्षांत हात गेल्यापासून तिने मुरांबा बंद केला होता. यंदा पुन्हा सुरू केला. दर आठवड्याला एक घाणा आणि त्यातली एक बरणी एफीला, कधी स्वतः आणून, पुढे पुढे शेजारणीच्या हाती संस्थेच्या फाटकावर.

एफी त्या बरण्या घरी नेऊन ओट्याखाली ठेवत होती. तिला सकाळी काही खायला सुचत नसे. काळा चहा घेतला की झालं. बहिणीच्या हातचं कित्येक वर्षांनी आलेलं असूनही तिने एकही बरणी उघडली नव्हती. याला निर्दयपणा म्हणावं की थकवा, ते ज्याचं त्याने ठरवावं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

शुक्रवारी सकाळी तिच्या घरात फक्त पावाचं टोक उरलं होतं. तिने खाली वाकून हाताला लागली ती बरणी वर घेतली, वरचं फडकं काढलं. झाकण घट्ट असणार म्हणून टॉवेल घेतला, हात आवळला, जोर लावायला श्वास घेतला.

झाकण दोन बोटांनी सुटलं.

ते लावलेलंच नव्हतं, नुसतं टेकवलं होतं. कडेने पाक ओघळून काचेवर सुकला होता. एफीने चमचा घातला. साल बोटाच्या पेराएवढी जाड, वाकडीतिकडी, काही तुकडे तर नुसते फाडलेले.

तिने चमचा ओट्यावर ठेवला. मग खाली बसली आणि बाकीच्या बरण्या एकेक करून बाहेर काढल्या. नेटा बरणीच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर आठवडा लिहिते, म्हणून ओळ लावायला अडचण नव्हती. तिने त्या खिडकीत ओळीने मांडल्या, डावीकडून उजवीकडे, आधीची आधी. आणि फिल्म धरावी तसं मागे सरकून उजेडात पाहिलं.

पहिली बरणी: साल केसासारखी बारीक, फडक्यावर दोऱ्याची नीट गाठ, गाठीचं फूल. दुसरी तशीच, किंबहुना आणखी सुरेख. जणू नेटाला स्वतःचे हात परत मिळाल्याचा माज आला होता. तिसरी: साल जाड. गाठ नाही, रबर बँड. चौथी आणखी जाड. पाचवी ती ओघळलेली.

कुणाला शिकवायला घ्यावी इतकी स्वच्छ ओळ होती ती. औषध दिलं, शांत झालं, आणि मग पुन्हा पेटलं. इशबेलच्या फिल्मवर जे उंदरांच्या पेशींनी लिहिलं होतं, तेच नेटाने संत्र्यांवर लिहून पाठवलं होतं, आठवड्यामागून आठवडे, आणि एफीने ते ओट्याखाली ढकललं होतं.

"नेटा, अगं मूर्ख बाई," एफी मोठ्याने म्हणाली. पण शिवी नेमकी कुणाला दिली हे तिलाच कळेना. तिला वाईट वाटलं होतं. गोळीचं नव्हे. नेटा आठवडेच्या आठवडे एकटीने दुखणं काढत होती आणि फोनवर झकास म्हणत होती, याचं.

*

शुक्रवारी दुपारी नर्सचा फोन येतो, हे नेटाने बोलता बोलता सांगितलं होतं. लॉर्ना तिचं नाव. ती विचारते, दुखणं शून्य ते दहात किती. एफी त्या दिवशी कामावर गेलीच नाही. इशबेलला तिने फक्त 'बहिणीकडे जातेय' एवढं कळवलं. पिशवीत पाच बरण्या घेऊन ती नेटा राहते त्या हिलटाउनचा चढ चढली. यावेळी मध्ये थांबली तेव्हा नदी बघण्याचं नाटक केलं नाही. सरळ भिंतीला टेकून दम खाल्ला.

नेटाने दार उघडायला बराच वेळ लावला. आतून कडी दोनदा घसरल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा ती घरात हातमोजे घालून उभी होती.

"तू? आज शुक्रवार आहे. कुणी मेलं काय?"

"नाही. आत येऊ दे."

स्वयंपाकघरात एफीने टेबलावर बरण्या ओळीने मांडल्या. नेटाने त्यांच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"परत करायला आणल्यास? आवडला नाही तर फेकून द्यायचास, चढ चढून कशाला आलीस?"

"हातमोजे काढ."

"थंडी आहे."

"नेटा."

"काढत नाही जा. मला माझ्या घरात हातमोजे घालायची चोरी आहे का?"

"मी काढू?"

यावर नेटा खुर्चीत बसली. एफीने तिचे हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत. नेटा खिडकीकडे बघत राहिली. पेरं लालभडक, तळहात गरम, उजव्या हाताची दोन बोटं मिटतच नव्हती. एफीने आयुष्यभर दाहाच्या गप्पा मारल्या होत्या; तो हातात घेतला की किती गरम लागतो हे ती विसरली होती.

"लॉर्नाला किती सांगतेस?" तिने विचारलं.

"दोन."

"दोन?"

"एकदा तीन म्हणाले. मग वाईट वाटलं."

"कुणाला वाईट वाटलं? लॉर्नाला?"

"तुझ्यासाठी गं!" नेटा एकदम भडकली. "तुला काय कळतंय? तू बिनलग्नाची राहिलीस, आईच्या शेवटच्या वेळी तू त्या डार्करूममध्ये होतीस, तुझे केस पांढरे झाले त्या अडतीसच्या मागे. आणि आता गोळी आली तर मी म्हणू की चालत नाही? मी? घरचीच माणसं अशी उलटली तर बाहेरच्यांनी काय करावं? पहिल्या आठवड्यांत चालली होती ना? मग माझ्याच हातांत खोट असेल. मी काहीतरी चुकीचं खाल्लं असेल. म्हटलं, येईल परत गुण, तोवर दोन म्हणावं. कुणाचं काय बिघडतं?"

एफीने तिचा दुसराही हात आपल्या हातांत घेतला.

"आणि मी एकटीच नाही म्हणत," नेटा जरा खाली आवाजात म्हणाली. "जेसी पण तीनच सांगते. बसते ना माझ्याशेजारी तिकडे इस्पितळात, बाकावर. तिला मी सांगितलंय, माझ्या बहिणीची गोळी आहे ही. ती म्हणाली, मग आपण एफीला खाली पाहायला लावायचं नाही. बिचारीला कप धरवत नाही, स्ट्रॉने चहा पिते."

एफीला आधी हसू आलं. खरंच आलं, आणि तिला त्याची लाज वाटली. औषधकंपनीने आकडेशास्त्री बसवले होते, खऱ्याखोट्या गोळ्या कुलपात ठेवल्या होत्या, नर्सलासुद्धा अंधारात ठेवलं होतं. आणि हिलटाउनच्या दोन म्हाताऱ्या बाकावर बसून ठरवत होत्या की आपल्या एफीचं नाक कापायचं नाही. मग हसू विरलं. या दोघींचे सांधे आतून झिजत होते. जोवर त्या दोन आणि तीन म्हणत होत्या तोवर त्यांना कुणी दुसरं औषध देणार नव्हतं, आणि एकदा झिजलेला सांधा परत येत नाही.

"ऐक," एफी म्हणाली आणि बहिणीचे हात सोडले नाहीत. "तुझ्या हातांत खोट नाही. तू काही चुकीचं खाल्लं नाहीस. मी तुला सांगितलं होतं ना, अडतीस थाप मारून निरोप पुढे नेतो?"

"हो, आणि मग आरडाओरडा."

"हो. पण तोच मागे वळून वरच्याला सांगतो, पुरे. आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्याचा हात धरला तो ओरडा थांबवायला, आणि 'पुरे' म्हणणारा हातही तोच निघाला. म्हणून पहिले दिवस तुला बरं वाटलं. म्हणून मग परत पेटलं."

नेटा विचारात पडली.

"म्हणजे घरात भांडण लावणारा आणि मिटवणारा एकच?"

"साधारण तसंच."

"आपल्या बाबासारखा."

"बाबासारखा," एफी म्हणाली.

"मग तुझी एवढी वर्षं?"

या प्रश्नाची एफीला सकाळपासून धास्ती होती. तिने मनाशी काही उत्तरं जुळवली होती, विज्ञान असंच पुढे जातं वगैरे, जी ती विद्यार्थ्यांना देते. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"गेली," ती म्हणाली. "पण ती गेलीच आहेत नेटा, तू दोन म्हण नाहीतर दहा. तू दोन म्हणालीस तर त्यांच्याबरोबर तुझे हातही जातील. ते मला सोसायचं नाही."

नेटाचे डोळे भरले. ते पुसायला तिने मनगट वापरलं, बोटं नाही.

फोन वाजला.

एफीने तो उचलून नेटाच्या कानाशी धरला, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लॉर्नाचा मोकळा, घाईतला आवाज एफीलाही ऐकू येत होता. कशा आहात मिसेस गेडिस, थंडी काय म्हणते, बरं, नेहमीचा प्रश्न, शून्य ते दहा.

नेटाने बहिणीकडे पाहिलं. लहानपणी एफीची काचेची बाहुली तिच्या हातून पडली होती, तेव्हा तिने जसं पाहिलं होतं, तसंच. एफीने मान हलवली.

"आठ," नेटा म्हणाली.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. "आठ? गेल्या शुक्रवारी तुम्ही दोन म्हणाला होतात."

"गेल्या शुक्रवारी पण आठच होतं. मी खोटं बोलले. आणि बाई, जेसीलाही परत विचार. माझं नाव सांगून विचार, म्हणजे खरं बोलेल."

"मिसेस गेडिस, हे कधीपासून आहे? नीट आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

नेटाने टेबलावरच्या ओळीकडे नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे. वाकड्या बोटाने तिने रबर बँड लावलेल्या बरणीला हलकेच स्पर्श केला.

"तिसऱ्या बरणीपासून," ती म्हणाली.

लॉर्नाला काही कळलं नाही. तिने दोनदा विचारलं, मग सोमवारीच इस्पितळात या, गोळ्या आजपासून घेऊ नका, डॉक्टरांशी बोलते, असं म्हणून फोन ठेवला.

एफी समोरच्या खुर्चीत बसली. ज्या गोष्टीच्या भीतीने ती इतके दिवस आकसून होती ती होऊन गेली होती. अडतीसचं नाव आता कुठे ना कुठे अपयशाच्या यादीत जाईल. इशबेलची फिल्म छापली जाईल, इशबेलच्याच नावाने, आणि सोमवारी तिची माफी मागायची होती. या सगळ्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते पुढे होईलही. आत्ता तिला नुसतं टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटत होतं.

"रडतेस का?" नेटाने विचारलं.

"नाही गं. दमलेय."

"मग दमलेय म्हणावं माणसाने. मी कधी विचारलं की झकास म्हणायचीस." नेटाने सुजलेले हात उघडेच टेबलावर ठेवले, बरण्यांच्या शेजारी. "जा, आता चहा तूच ठेव. मला किटली उचलवत नाही."

एफी उठली आणि तिने किटली भरली.